क्रूझ पर्यटनाचे अर्थकारण : नियोजन आणि बचत

समुद्रावरील प्रवास आणि समुद्रावरील पर्यटन या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रवासात जहाज हे केवळ साधन असते आणि उतरण्याचे बंदर हे साध्य. क्रूझ पर्यटनात मात्र जहाज हेच साध्य असते. निवास, भोजन, मनोरंजन आणि वाहतूक या चार सेवा तेथे एकाच तिकिटात विकल्या जातात. भारतात एके काळी मुंबईहून कोकण आणि गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी पहिल्या प्रकारात मोडत. चाकरमानी त्यांतून गावी जात, पर्यटनासाठी नव्हे. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' हे जहाज पर्यटकांसाठी सुरू झाले. ती सेवा पुढे बंद पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये 'एम्प्रेस' हे मोठे जहाज मुंबईहून निघू लागले, तर १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून 'गंगा विलास' हे नदीजहाज दिब्रुगडकडे रवाना झाले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'क्रूझ भारत अभियान' सुरू केले. पाच वर्षांत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे, हे या अभियानाचे उद्दिष्ट आहे.

हे उद्दिष्ट केवळ परदेशी पर्यटकांच्या बळावर गाठता येणार नाही. त्यासाठी देशातील मध्यमवर्गीय कुटुंबाने जहाजाची पायरी चढावी लागेल. अशा कुटुंबाच्या दृष्टीने क्रूझ हा वर्षभराच्या बचतीचा प्रश्न असतो. जाहिरातीतील भाडे परवडणारे वाटते. परतल्यावर मात्र हिशेब दुप्पट झालेला आढळतो. असे का होते आणि ते कसे टाळता येते, हे समजून घेताना सूक्ष्म अर्थशास्त्रातील अनेक संकल्पना आपोआप उलगडत जातात. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनाही हा विषय त्यामुळे उपयुक्त ठरावा.

रिकाम्या जहाजातून जन्मलेला व्यवसाय

क्रूझ व्यवसायाचा उगमच एका आर्थिक अडचणीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्बुर्ग-अमेरिका या जर्मन कंपनीची जहाजे अटलांटिक महासागर ओलांडून प्रवासी नेत असत. हिवाळ्यात वादळी हवामानामुळे प्रवासी घटत आणि मोठी जहाजे धक्क्याला पडून राहत. जहाज उभे असले तरी भांडवलावरील व्याज, देखभाल आणि खलाशांचे वेतन थांबत नाही. यावर उपाय म्हणून अल्बर्ट बॉलिन यांनी जानेवारी १८९१ मध्ये 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज भूमध्य समुद्राच्या सहलीवर पाठवले. सहल यशस्वी झाली आणि १९०० मध्ये याच कंपनीसाठी केवळ सहलींकरिता बांधलेले पहिले जहाज, 'प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे', पाण्यात उतरले.

या घटनेत व्यवसायाचे मर्म आहे. जहाजाचा बहुतांश खर्च स्थिर स्वरूपाचा असतो. इंधन, बंदराचे शुल्क, कर्जाचा हप्ता आणि कर्मचाऱ्यांचे वेतन हे खर्च प्रवासी हजार असोत वा अठराशे, फारसे बदलत नाहीत. एक प्रवासी वाढल्यास वाढणारा खर्च, म्हणजेच सीमान्त खर्च, हा मुख्यतः त्याच्या भोजनापुरता असतो. शिवाय केबिन ही नाशवंत वस्तू आहे. भाजीवाल्याची जुडी निदान संध्याकाळपर्यंत टिकते; जहाज सुटले की रिकाम्या केबिनचे मूल्य त्याच क्षणी शून्य होते. म्हणून कंपनी एकाच केबिनसाठी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ग्राहकांकडून वेगवेगळी किंमत घेते. अर्थशास्त्रात यास मूल्यभेद म्हणतात. विमान कंपन्या आणि रेल्वेची परिवर्तनशील भाडेपद्धती याच तत्त्वावर चालतात. ग्राहकाची बचत या मूल्यभेदाच्या कोणत्या बाजूला तो उभा राहतो, यावर अवलंबून असते.

छापील भाडे आणि खरा खर्च

क्रूझची किंमत दोन भागांत आकारली जाते. पहिला भाग म्हणजे प्रवेशाचे भाडे. दुसरा भाग म्हणजे जहाजावर चढल्यानंतर होणारा खर्च. पहिला भाग कमी ठेवून ग्राहक आकर्षित करायचा आणि दुसऱ्या भागातून उत्पन्न मिळवायचे, हे या व्यवसायाचे सर्वत्र आढळणारे धोरण आहे. म्हणून नियोजनाचा पहिला नियम असा की, भाड्याची तुलना भाड्याशी न करता एकूण खर्चाची तुलना एकूण खर्चाशी करावी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पती, पत्नी आणि दोन मुले असे कुटुंब तीन रात्रींच्या सहलीवर जाणार आहे. प्रत्येक प्रौढास २० हजार रुपये भाडे आहे आणि त्याच केबिनमधील तिसऱ्या व चौथ्या प्रवाशास सवलतीने १२ हजार रुपये. त्यांचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येईल :

- चौघांचे भाडे : ६४,००० रुपये
- बंदर शुल्क (प्रत्येकी ३,०००) : १२,००० रुपये
- सेवा शुल्क (प्रत्येकी प्रतिरात्र ५००) : ६,००० रुपये
- कर : १०,००० रुपये
- घर ते बंदर जाणे-येणे : १६,००० रुपये
- आदल्या रात्रीचा मुक्काम : ५,००० रुपये
- बंदरांवरील स्थलदर्शन : ८,००० रुपये
- जहाजावरील किरकोळ खर्च : ६,००० रुपये
- प्रवास विमा : ३,००० रुपये
- एकूण : १,३०,००० रुपये

जाहिरातीत जो आकडा ठळक छापला जातो तो प्रतिव्यक्ती २० हजारांचा. कुटुंबाचे प्रत्यक्ष भाडे ६४ हजार आणि खरा खर्च १ लाख ३० हजार. म्हणजे भाडे हे एकूण खर्चाच्या निम्म्याहूनही किंचित कमी आहे. आकडे सहलीनुसार बदलतील. परंतु खर्चाची शीर्षके बदलणार नाहीत. आरक्षणापूर्वी ही नऊ शीर्षके कागदावर मांडून प्रत्येकापुढे आकडा लिहिणे, ही बचतीची सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित पद्धत आहे.

भाड्यात काय अंतर्भूत आहे, हेही आधी विचारावे. मुख्य भोजनगृहातील जेवण, रंगमंचावरील नेहमीचे कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव बहुधा भाड्यात असतात. विशेष भोजनगृहे, मद्य, बाटलीबंद पेये, इंटरनेट, छायाचित्रे, सौंदर्योपचार आणि काही खेळ बहुधा वेगळे आकारले जातात. शाकाहारी वा जैन भोजनाची सोय भाड्यात आहे की त्यासाठी आगाऊ नोंद करावी लागते, हे भारतीय कुटुंबांनी लेखी विचारून घ्यावे.

आरक्षण केव्हा करावे?

लवकर आरक्षण करावे की अखेरच्या क्षणापर्यंत थांबावे, या प्रश्नाचे उत्तर मागणीच्या लवचिकतेत सापडते. निवृत्त दांपत्य कोणत्याही आठवड्यात प्रवास करू शकते. त्याची मागणी लवचिक असते. शाळकरी मुले असलेल्या कुटुंबास दिवाळी, नाताळ वा मे महिन्याची सुटीच हवी असते. त्याची मागणी अलवचिक असते. कंपन्या हे जाणतात आणि सुटीच्या काळात भाडे वाढवतात. म्हणून अलवचिक मागणी असलेल्यांनी लवकर आरक्षण करणे हिताचे. लवचिक मागणी असलेल्यांनी सुटीचा काळ टाळून आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या सहली शोधाव्यात आणि शेवटच्या काही आठवड्यांतील सवलतींची वाट पाहिली तरी चालेल.

थांबण्याचीही किंमत असते. समजा, वरील कुटुंबास अखेरच्या क्षणी भाड्यात १५ टक्के सवलत मिळाली, तर ९,६०० रुपये वाचतील. परंतु त्याच वेळी रेल्वेचे आरक्षण न मिळाल्याने विमानाने जावे लागले, तर चौघांच्या तिकिटांत ही बचत सहज संपेल. बंदराच्या शहरात राहणाऱ्यास अखेरची सवलत जितकी फायद्याची, तितकी नागपूर, इंदूर वा रायपूरच्या कुटुंबास नसते.

ऋतूचाही विचार आवश्यक आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरील हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असतो. जून २०२२ मध्ये 'एम्प्रेस' जहाज चेन्नईहून चालवण्यात आले, त्यामागेही हेच भौगोलिक कारण होते. हंगाम बदलताना जहाज एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात न्यावेच लागते. अशा एकेरी सहली जगभर तुलनेने स्वस्त असतात, कारण जहाज रिकामे नेण्यापेक्षा कमी भाड्यात प्रवासी नेणे कंपनीस परवडते. मात्र परतीचे तिकीट प्रवाशास वेगळे काढावे लागते, हे हिशेबात धरावे.

केबिनची निवड आणि सीमान्त उपयोगिता

आतील बिनखिडकीची केबिन, खिडकीची केबिन, सज्जाची केबिन आणि प्रशस्त कक्ष अशा चढत्या श्रेणीने भाडे वाढते. भोजनगृह, रंगमंच, तलाव आणि डेक मात्र बहुतांशी सर्वांसाठी समान असतात. दोन रात्रींच्या सहलीत प्रवासी केबिनमध्ये मुख्यतः झोपण्यासाठीच येतो. तेथे सज्जाचे अधिक भाडे आणि त्यातून मिळणारी अधिक उपयोगिता यांचा मेळ बसत नाही. सहल जितकी लांब, तितकी खिडकीची उपयोगिता वाढते. हा निर्णय प्रतिष्ठेने न घेता सीमान्त उपयोगितेने घ्यावा.

केबिनची जागाही महत्त्वाची आहे. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. टोकाकडे आणि वरच्या मजल्यांवर अधिक. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी स्वस्त खालची केबिन हीच अधिक सुखाची ठरते. स्वस्त वस्तू अधिक उपयुक्त असण्याचे असे प्रसंग बाजारात विरळा.

भाडे बहुधा एका केबिनमध्ये दोन प्रवासी गृहीत धरून सांगितले जाते. एकट्या प्रवाशास त्यामुळे अधिभार द्यावा लागतो. काही वेळा तो दुसऱ्या प्रवाशाच्या भाड्याइतका असतो. याउलट त्याच केबिनमधील तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशास सवलत मिळते. म्हणून चौघांनी दोन केबिन घ्याव्यात की एक, याचे दोन्ही हिशेब मागवावेत.

बंदर, जहाज आणि खिसा

जहाज कोणासाठी थांबत नाही. धुक्याने वा पावसाने गाडीस उशीर झाला आणि जहाज सुटले, तर संपूर्ण भाडे बुडण्याचा धोका असतो. म्हणून दूरच्या गावाहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी बंदराच्या शहरात पोहोचावे. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च हा एक प्रकारचा विमाहप्ताच समजावा.

बंदरांवरील स्थलदर्शन जहाजातर्फे घेतल्यास महाग पडते. स्थानिक टॅक्सी वा बसने तेच स्थळ कमी खर्चात पाहता येते आणि पैसा थेट स्थानिक चालक, वाटाड्या व खाणावळवाल्याच्या हाती जातो. परंतु एक भेद लक्षात ठेवावा. जहाजातर्फे आयोजित सहलीस उशीर झाल्यास जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. स्वतंत्र गेलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही. म्हणून जवळची स्थळे स्वतंत्रपणे आणि दूरची स्थळे जहाजातर्फे पाहावीत. स्वतंत्र गेल्यास परतण्याच्या वेळेपूर्वी दोन तासांची मोकळीक ठेवावी.

जहाजावर रोख पैसे फारसे चालत नाहीत. प्रवाशाच्या कार्डावर खर्चाची नोंद होत राहते आणि हिशेब अखेरीस समोर येतो. पैसे हातातून जाताना दिसत नाहीत, तेव्हा खर्चाचे दुःख कमी होते आणि खर्च वाढतो. यावर उपाय म्हणजे रोज रात्री खात्यातील रक्कम पाहणे आणि कुटुंबाने दैनिक मर्यादा ठरवणे. भ्रमणध्वनी किनाऱ्यापासून दूर गेल्यावर जहाजाच्या उपग्रह जाळ्याशी जोडला जातो आणि त्याचे दर चढे असतात. म्हणून चढताच तो 'विमान' स्थितीत ठेवावा. परदेशी जहाजावर रुपयांत पैसे देण्याचा पर्याय पुढे आला, तर विनिमयाचा दर तपासावा. बहुधा स्थानिक वा जहाजाच्या चलनात पैसे देणे स्वस्त पडते. जुगाराच्या दालनाबाबत एवढेच सांगणे पुरेसे आहे की, तेथील प्रत्येक खेळाचे अपेक्षित मूल्य खेळणाऱ्यासाठी ऋण असते. त्यावाचून ते दालन चाललेच नसते.

मात्र एका ठिकाणी बचत करू नये. अनेक कंपन्या प्रतिरात्र सेवा शुल्क आकारतात आणि काही ठिकाणी ते विनंतीवरून कमी करता येते. केबिन झाडणारे आणि जेवण वाढणारे कर्मचारी या रकमेवर अवलंबून असतात. त्यांत गोवा, मुंबई आणि कोकणातील तरुणांचे प्रमाण लक्षणीय आहे. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहून ते काम करतात. खलाशांच्या कामाच्या अटींविषयीचा सागरी श्रम करार, २००६ भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला, तो याच पार्श्वभूमीवर महत्त्वाचा आहे. पर्यटकाची बचत दुसऱ्याच्या वेतनातून होता कामा नये.

बचत करून जावे की कर्ज काढून?

'आज प्रवास करा, नंतर पैसे द्या' या स्वरूपाच्या योजना आकर्षक वाटतात. वरील कुटुंबाचेच उदाहरण पुढे नेऊ. त्याने दरमहा ७ हजार रुपये आवर्ती ठेवीत अठरा महिने टाकले, तर १ लाख २६ हजार मुद्दल जमेल. वार्षिक ६ टक्के दर गृहीत धरल्यास सुमारे ६ हजार रुपये व्याज मिळेल आणि हाती सुमारे १ लाख ३२ हजार रुपये येतील. सहल भागून थोडी रक्कम शिल्लक राहील.

त्याऐवजी १ लाख ३० हजारांचे व्यक्तिगत कर्ज वार्षिक १४ टक्के दराने अठरा महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ८,०५० रुपये होईल आणि एकूण परतफेड सुमारे १ लाख ४५ हजार रुपये. म्हणजे सुमारे १५ हजार रुपये व्याजापोटी जातील. दोन्ही मार्गांतील फरक २० हजारांच्या घरात जातो. तीच सहल, तेच जहाज; फरक केवळ वाट पाहण्याचा. अर्थशास्त्रात व्याजास प्रतीक्षेचे मोल म्हटले जाते, त्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो.

संधी खर्चाचाही विचार हवा. १ लाख ३० हजारांत मुलांच्या शिक्षणाचा एखाद्या वर्षाचा खर्च भागत असेल, किंवा घरात सहा महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी अद्याप नसेल, तर आधी तो उभारणे शहाणपणाचे ठरते.

जोखीम, विमा आणि ग्राहकाचे हक्क

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज कोविडच्या संसर्गामुळे विलग ठेवण्यात आले. जहाजावरील ३,७११ जणांपैकी ७१२ जण बाधित झाले. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतील १३२ जण कर्मचारी होते. दाट वस्तीच्या बंदिस्त जागेत जोखीम कशी पसरते, याचे हे उदाहरण आहे. देशांतर्गत आरोग्य विमा परदेशी प्रवासात बहुधा लागू होत नाही. म्हणून जहाजावरील उपचार, तेथून रुग्णालयात हलवण्याचा खर्च आणि सहल रद्द झाल्यास भरपाई यांचा समावेश असलेला प्रवास विमा घ्यावा.

सहल रद्द करण्याच्या अटी टप्प्याटप्प्याने कडक होत जातात. निघण्याची तारीख जवळ येईल तशी कापली जाणारी रक्कम वाढते. एकदा बुडालेला पैसा पुढील निर्णयात मोजू नये, असे बुडीत खर्चाचे तत्त्व सांगते. आजारी असूनही 'पैसे भरले आहेत' म्हणून निघणे हे या तत्त्वाचे उल्लंघन होय.

किंमत हळूहळू वाढवत नेणे, न मागितलेली सेवा यादीत गुपचूप टाकणे, 'दोनच केबिन शिल्लक' अशी खोटी निकड दाखवणे, या क्लृप्त्यांना आता कायद्याने अटकाव आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये नोव्हेंबर २०२३ मध्ये जारी झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा फसव्या रचना नमूद आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक उपलब्ध आहे. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांच्या तक्रारी जिल्हा आयोगाकडे दाखल करता येतात. त्यासाठी पावती, अटींची प्रत आणि जाहिरात जपून ठेवावी.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेता उगमस्थानी कर गोळा करतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के असा दर होता. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख करण्यात आली. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात हा दर सरसकट २ टक्के करण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. हा खर्च नसून आगाऊ भरलेला आयकर आहे. विवरणपत्रात त्याचे समायोजन होते किंवा परतावा मिळतो. तथापि तोपर्यंत रक्कम अडकून पडते, म्हणून नियोजनात ती वेगळी धरावी. ज्या बंदरातून जहाज निघते तेथेच ते अन्य देश फिरून परत येत असेल, तर बहुप्रवेश व्हिसा लागतो का, हेही आधी पाहावे. लक्षद्वीपसाठी तर भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना आवश्यक असतो.

कमी खर्चाचा जलमार्ग

पाण्यावरील आनंदासाठी आलिशान जहाजच हवे, असे नाही. केरळात अलप्पुळा परिसरातील कालव्यांतून राज्य जलवाहतूक विभागाच्या प्रवासी बोटी चालतात. हाऊसबोटीतून जे दिसते त्यातील बरेच तेथे बसच्या तिकिटाइतक्या खर्चात दिसते. कोचीत एप्रिल २०२३ पासून जल मेट्रो धावते. आसामात निमाती घाटाहून माजुली बेटाकडे ब्रह्मपुत्रेतून फेरी जाते. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याकडे मार्च २०२० पासून वाहनांसह रो-रो सेवा आहे. कोचीहून लक्षद्वीपकडे, तर चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून अंदमानकडे प्रवासी जहाजे जातात. पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्याने अशा छोट्या प्रवासाने आरंभ केल्यास बोट लागते की नाही, हे थोड्या खर्चात कळते.

धोरणाची दिशा

व्यक्तीचा हिशेब आणि देशाचा हिशेब येथे एकमेकांस भिडतात. बंदरे आणि जहाजे वाढली तर स्पर्धा वाढेल आणि भाडे उतरेल. केंद्र सरकारने २००८ मध्ये क्रूझ नौवहन धोरण मंजूर केले. किनारी वाहतूक देशी ध्वजाच्या जहाजांसाठी राखीव ठेवण्याचा जो नियम असतो, तो परदेशी क्रूझ जहाजांसाठी शिथिल करण्यात आला. कोचीतील 'सागरिका' टर्मिनल फेब्रुवारी २०२१ मध्ये, विशाखापट्टणमचे टर्मिनल सप्टेंबर २०२३ मध्ये आणि मुंबईचे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात परदेशी क्रूझ कंपन्यांसाठी सोपी अनुमानित करपद्धती आणण्यात आली. तीनुसार प्रवाशांकडून मिळालेल्या रकमेच्या २० टक्के भाग हा नफा मानला जातो. राष्ट्रीय जलमार्ग कायदा, २०१६ अन्वये १११ जलमार्ग घोषित झाले आहेत. क्रूझ भारत अभियान समुद्र व बंदर, नदी व अंतर्गत जलमार्ग आणि बेटे अशा तीन विभागांत, तीन टप्प्यांत, मार्च २०२९ पर्यंत राबवले जाणार आहे. १० सागरी टर्मिनल, १०० नदी टर्मिनल आणि ४ लाख रोजगार ही त्याची लक्ष्ये आहेत.

या विकासास दुसरी बाजूही आहे. प्रवासी जहाजावरच जेवतो, राहतो आणि खरेदी करतो. त्यामुळे बंदराच्या गावात पैसा कमी उतरतो. यास गळती म्हणतात आणि तिच्यामुळे स्थानिक गुणक परिणाम क्षीण होतो. प्रदूषणासारखे बाह्य परिणामही तिकिटाच्या किमतीत पूर्णतः उमटत नाहीत. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणण्यात आली, तर व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून मोठ्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून मज्जाव करण्यात आला. गंगेत नदीजहाजे वाढवताना, २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून स्वीकारलेल्या गंगेतील डॉल्फिनचा विचारही करावाच लागेल.

थोडक्यात, क्रूझवरील बचत ही सवलतीच्या शोधातून कमी आणि हिशेबाच्या शिस्तीतून अधिक होते. एकूण खर्च मांडणे, लवचिकतेनुसार वेळ निवडणे, उपयोगितेनुसार केबिन घेणे, कर्ज टाळून आधी बचत करणे आणि जोखमीचा विमा उतरवणे, ही पाच सूत्रे कोणत्याही मोठ्या कौटुंबिक खर्चास लागू पडतात. घरी परतल्यावर अखेरचा हिशेब पाहून ज्या कुटुंबाला धक्का बसत नाही, तेच कुटुंब पुन्हा जहाजावर चढते. क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्टही अखेर अशाच कुटुंबांवर अवलंबून आहे.